अर्धं शटर

ऑफिसात तिला सगळे शटरताई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत, आणि तीही मुकाट ओ देई. नाव तिनंच ओढवून घेतलं होतं. नवीन लागलेल्या पोरापोरींना सर्व्हरवरचा प्रोग्रॅम बंद कसा करायचा हे शिकवायची वेळ आली, की ती थेट वडिलांच्या दुकानात शिरायची.

वडिलांचं दुकान बटणं, रिळं, लेस, चेन आणि सुयांचं होतं. संध्याकाळी दुकान बंद करायचं म्हणून वडील कधी एकदम शटर ओढत नसत. आधी आई बाहेर पायरीवर जाऊन उभी राहायची आणि येणाऱ्याला सांगायची, आमचं आवरलं, पुढच्या वळणावरचं दुकान उघडं आहे, तिकडे जा. मग वडील शटर अर्ध्यावर आणायचे. आत जी गिऱ्हाइकं असतील त्यांना कापडाला जुळतं बटण शोधून मिळायचं, पुडी बांधून मिळायची. शेवटचं गिऱ्हाईक कमरेत वाकून बाहेर पडलं की मग दिवा, मग उरलेलं शटर, मग कुलूप. एखादी बाई लेसचे दहा नमुने उलगडून बसायची आणि काहीच न घेता उठायची. तरी वडील तिला उठा म्हणत नसत. आई म्हणायची, "तुमचं दुकान बायकोच्या माहेरच्यांसारखं आहे, आलेल्याला हाकलता येत नाही."

प्रोग्रॅमही तसाच बंद करायचा, असं ती पोरांना सांगे. प्रोग्रॅम म्हणजे कायम उघडं असलेलं दुकान. नवी आवृत्ती आली की जुन्याला जावं लागतं. त्याला निरोप पाठवायचा की बाबा, आवर. तो त्यानं ऐकला, की दारावर सांगायचं, माझ्याकडे नवीन कुणाला पाठवू नका. मग हातातली कामं पुरी करायची, उघडलेलं सगळं मिटायचं आणि आपल्या पायांनी निघून जायचं. यासाठी थोडा वेळ दिलेला असतो. तेवढ्यात नाही गेला तर न विचारता मारतात.

"मारतात म्हणजे?" कुणीतरी विचारायचंच.

"म्हणजे डोक्यावर शटर," ती म्हणायची, आणि पोरं हसायची.

ती या धंद्यात उशिरा आली होती. मुलगी शाळेत जायला लागल्यावर घराजवळच्या एका क्लासात शिकली, आणि बरोबरीच्या बायका नोकरीला कंटाळायच्या वयात नोकरीला लागली. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा. बोलायला कमी, पण हात स्थिर. तो म्हणे, तुझ्या कामात बघायला काही नसतं, बंद आणि चालू, चालू आणि बंद. ती म्हणे, तुझ्यातही काय, एक डोळा आणि दुसरा डोळा. असं त्यांचं बरं चाललं होतं. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यावर घरात दोघंच उरली. आई मात्र वडिलांच्या मागे एकटी राहत होती, दोन बसच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे ये म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं. "जावयाच्या घरात मला पाय पसरता येत नाहीत."

ती ज्या कंपनीत होती तिचा सगळा धंदा अशाच आयांवर चालला होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात अडकवायचं एक बटण कंपनी बनवी. माणूस पडलं, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. निरोप सर्व्हरकडे जाई. सर्व्हर त्या भागातल्या मदतनिसांना एकामागून एक फोन लावी. जो उचलेल तो त्या घरी जाई.

पहिलंवहिलं बटण तिनं आईच्याच गळ्यात घातलं होतं. तेव्हा त्याच्यावर फक्त लाल दिवा होता. दाबल्यापासून माणूस दारात येईपर्यंत तो लुकलुकत राही. आईनं दोन दिवस वापरून पाहिलं, बटणांच्या दुकानात जन्म गेलेल्या बाईनं बटण बघावं तसं उलटसुलट करून पाहिलं, आणि नापास केलं. "पडलेलं माणूस आधीच घाबरलेलं असतं. त्यात हे लाल डोळे मिचकावतंय. कुणीतरी ऐकलं, एवढं तरी कळू द्या की गं."

ही सूचना तिनं ऑफिसात सांगितली आणि सगळ्यांनी उचलून धरली. निरोप सर्व्हरनं घेतला की बटणावर हिरवा दिवा लागायचा, असं ठरलं. तो बदल तिनं स्वतः लिहिला. आईला कोण अभिमान. जिन्यात भेटेल त्याला सांगायची, हा हिरवा दिवा माझा आहे.

हिरव्या दिव्याचा अर्थ ऐकलं, एवढाच होता. कुणी निघालं असा नव्हता. ऐकण्यापासून निघण्यापर्यंतचं सगळं प्रोग्रॅमच्या हातात असे. म्हणून तर ती अर्ध्या शटरचा हट्ट धरायची. हातात कुणाचं काम असताना हा प्रोग्रॅम मेला, तर ते काम कुणालाच माहीत राहणार नाही, आणि बटण तर हिरवंच दिसणार. तिनं प्रोग्रॅमला एक सवय लावून ठेवली होती. सगळी कामं आवरून निघताना त्यानं स्क्रीनवर एक ओळ लिहायची, 'आवरलं, निघतो.' पहिले काही महिने ती ओळ तिनं आवडीनं पाहिली. मग रोजची झाली, आणि रोजचं कोण बघतं.

त्या दिवशी नवी आवृत्ती तिनंच चढवली. जेवणं झाली होती, एका हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. दुसऱ्या हातानं तिनं हुकूम दिला, जुने प्रोग्रॅम गेले, नवे आले, सगळीकडे ठीक ठीक असं उमटलं. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीला ती म्हणालीसुद्धा, बघ, दुकान बदललं आणि गिऱ्हाइकाला कळलं नाही.

उन्हं कलल्यावर आईच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींचा फोन आला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळत होतं. तक्रार करायला त्या वर गेल्या. बेल वाजवली, कुणी उघडेना. त्यांच्याकडे आईची एक किल्ली असायची. आई भांड्यांच्या ओट्याखाली पडली होती. नळ वरून सुरूच होता, पाणी ओट्यावरून खाली, जमिनीवरून दारापर्यंत. कमरेखालचा भाग वाकडा झालेला. ओठ निळे. गळ्यातलं बटण हिरवं.

ती पोचली तेव्हा आईला स्ट्रेचरवर घेत होते. ती वाकली तर आईनं आधी तिच्याच तोंडाकडे पाहिलं, आणि हळू आवाजात, जसं काही आपलंच चुकलं आहे अशा सुरात म्हणाली, "हिरवा लागला होता. म्हणून मी ओरडले नाही. ओरडले असते तर खाली ऐकू गेलं असतं ना? पण म्हटलं, येतायत, कशाला गाव गोळा करायचं."

पुढची संध्याकाळ आणि रात्र हॉस्पिटलात गेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ते एक वेळ निभलं असतं, पण एवढा वेळ गार पाण्यात पडून राहिल्यानं छाती भरून आली होती. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. ऑपरेशन केलं तरी धोका, नाही केलं तर जास्त. सकाळी छाती जरा मोकळी झाली तर दुपारपर्यंत घेऊ, वेळ आधी सांगता येणार नाही, जवळच राहा.

नवऱ्यानं चहा आणून दिला आणि समजूत घालावी म्हणून म्हणाला, कदाचित आईंनी नीट दाबलंच नसेल. तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो कप धुवायला निघून गेला. सर्व्हरनं ऐकल्याशिवाय हिरवा लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आईनं दाबलं होतं. सर्व्हरनं ऐकलंही होतं. आणि आई पडली त्या वेळी आपल्या हातात अर्धं सफरचंद होतं, हे तिला पहाटेपर्यंत हळूहळू, एकेक घोट गिळावं तसं कळत गेलं.

सकाळी आईला ऑक्सिजन लावलेला होता. मास्क बाजूला करून ती म्हणाली, "तुमच्याकडे गर्दी असेल गं. माझ्याहून जास्त पडलेलं कुणीतरी असेल." हा विनोद होता. तिला हसायला यावं म्हणून केलेला.

तिनं आईच्या उशाशी नवऱ्याला बसवलं, म्हणाली तासाभरात येते, आणि ऑफिस गाठलं. बसनं दहा मिनिटांचं अंतर.

जे शोधायचं होतं ते लगेच सापडलं. आईचा निरोप आला होता. पहिल्या मदतनिसाला फोन लागला होता, घंटी वाजत होती. आणि तिथेच सगळं थांबलं होतं. त्याखाली थेट नवा प्रोग्रॅम सुरू झाल्याची ओळ होती. मध्ये 'आवरलं, निघतो' ही ओळ नव्हती. तिनं आदल्या दिवशीचं पाहिलं. नव्हती. त्याच्या आदल्या दिवशीचं. नव्हती. ती मागे मागे जात राहिली. वसंत ऋतूपासून एकदाही नव्हती. इतके महिने प्रत्येक वेळी प्रोग्रॅमला मारूनच टाकलं जात होतं, आणि हातात कुणी नसेल तर कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आणि असेल तर कोण सांगायला येणार? पडलेलं माणूस तिकडे आपल्या घरात हिरव्या दिव्याकडे बघत असणार.

वसंतात काय बदललं होतं, तेही तिला आठवलं. टीमच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणत, कारण तो साध्या कामालाही मोहीम म्हणायचा. वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, हुशार, आणि दिवसभर पळत्या माणसासारखा बोलणारा. सगळे प्रोग्रॅम एकाच पद्धतीनं सुरू व्हावेत म्हणून त्यानं एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची चिठ्ठी, लिहिली होती. आधी स्क्रिप्ट उठायची, मग ती आतल्या प्रोग्रॅमला उठवायची. तिनं ती वाचली होती आणि छान आहे म्हणून मान डोलावली होती. दोघांच्याही मनात एक गोष्ट आली नाही. 'आवर' हा निरोप जो सगळ्यात पुढे उभा असेल त्याला मिळतो. आता पुढे स्क्रिप्ट उभी होती. निरोप तिच्यापर्यंत यायचा आणि ती तो आत सांगायची नाही. सांगायचा असतो हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आतला प्रोग्रॅम शेवटच्या क्षणापर्यंत मन लावून काम करत राहायचा, आणि मग दिलेला वेळ संपून त्याच्या डोक्यावर शटर यायचं.

कॅप्टन तिच्या टेबलाशी आला तो सहानुभूती घेऊन. आईंचं ऐकून वाईट वाटलं, तू आज आलीसच का, असं म्हणाला. मग जरा अडखळत म्हणाला, की वरच्यांचं मत पडलंय, बटण पुरेसं दाबलं गेलं नसावं. तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो वाचत गेला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. अर्ध्यातच त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि बसला.

"माझी स्क्रिप्ट," तो म्हणाला.

"मी हो म्हटलं होतं."

 मग तो सावरला. सावरणं हाच त्याचा स्वभाव होता. दुरुस्ती एका शब्दाची होती. स्क्रिप्टनं प्रोग्रॅमला उठवलं की आपली जागा त्यालाच देऊन टाकायची, म्हणजे निरोप थेट त्याला मिळेल. कॅप्टननं उभ्या उभ्या तो शब्द घातला. म्हणाला, दुपारी तसंही नवी आवृत्ती चढवायची आहे, वृद्धाश्रम चालवणारी माणसं डेमो बघायला येणार आहेत. ही दुरुस्ती त्यातच जाईल. चढवतो आणि संपलं.

"चढवणार कशी?" तिनं विचारलं.

आणि मग त्यालाही दिसलं. दुरुस्ती आत जायची तर आता चालू असलेले प्रोग्रॅम बंद व्हायला हवेत. ते तर बहिरेच होते. त्यांना निरोप ऐकूच जाणार नव्हता. म्हणजे आणखी एकदा मारणं आलं. त्या क्षणी ज्याचं काम हातात असेल तो गेला.

"ताई, एकदाच," कॅप्टन म्हणाला. "काही सेकंदांचा प्रश्न आहे. तेवढ्यात कुणी नसेलही. शेवटचं एकदाच."

"कालही एकदाच होतं," ती म्हणाली.

तिनं काम हातानं करायचं ठरवलं, म्हणजे स्क्रिप्टला वळसा घालून. तोच प्रोग्रॅम एकाच वेळी पाचसहा ठिकाणी चालत असे, आणि त्यांच्यापुढे दारवानासारखा एक प्रोग्रॅम आलेले निरोप त्यांच्यात वाटून देई. ती एकेका ठिकाणी जाणार होती. आधी दारवानाला सांगायचं, याच्याकडे आता कुणाला पाठवू नकोस. मग त्याची हातातली कामं संपेपर्यंत बसून राहायचं. मग आत शिरून स्क्रिप्टच्या मागे बसलेल्या प्रोग्रॅमच्या कानात स्वतः सांगायचं, आवर. पायरीवर उभं राहून आई जे करायची आणि आत वडील जे करायचे, ते दोन्ही एकटीनं.

पहिल्याचं पटकन झालं. कुणी आत नव्हतंच. तिनं निरोप दिला आणि स्क्रीनवर, इतक्या महिन्यांनी, ती ओळ उमटली. 'आवरलं, निघतो.' चष्मेवाली मागे उभी होती. तिनं ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढूनही घेतला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या हातात दोन कामं होती, दोन्हीकडे मदतनीस निघाले आणि तोही गेला. मध्येच नवऱ्याचा फोन झाला. छाती जरा बरी आहे म्हणतायत, तू ये. ती म्हणाली, आलेच.

मधलेही एकेक करून गेले. शेवटच्यापाशी अडलं.

त्याच्या हातात एकच काम उरलं होतं. गावाच्या पार टोकाला, रेल्वेच्या रुळांपलीकडे राहणारा एक म्हातारा. त्याचं बटण दाबलं गेलं होतं, हिरवा लागला होता, आणि त्याच्या भागात मोजके मदतनीस होते ते कुणी फोन उचलत नव्हते. प्रोग्रॅम शहाण्यासारखा पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जाई आणि पुन्हा पहिल्याला फोन लावी. असा तो कितीही वेळ फिरत राहिला असता. तसंच त्याला तिनं शिकवलं होतं.

काचेच्या खोलीत पाहुणे येऊन बसले होते. कॅप्टन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. तो सांगायला लागला की यातली अर्धीअधिक बटणं चुकून दाबली जातात. कुशीवर वळताना, टॉवेल ओढताना. तुलाही माहीत आहे. ते खरं होतं आणि तिला माहीत होतं.

"दाबलंय ना?" ती म्हणाली. "हिरवा लागलाय ना त्याच्याकडे? मग तो ओरडणार नाही."

कॅप्टननं कपाळ पुसलं आणि तिथेच उभा राहिला.

चष्मेवाली तिच्या फोनवरून मदतनिसांना फोन लावू लागली, ती आपल्या फोनवरून. एक उचलेना, दुसऱ्याचा बंद. तिसऱ्याची घंटी वाजत होती तेवढ्यात मध्येच नवऱ्याचा फोन घुसला. तिनं तो घेतला.

नवऱ्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आईंना आत न्यायला आलेत, तो म्हणाला. आत्ता. डॉक्टरीणबाई म्हणतायत हीच वेळ बरी, पुढे सांगता येत नाही. तू कुठे आहेस? आई तुला विचारतायत. तिनं विचारलं, थोडं थांबवता येईल का? पलीकडे तो कुणाशी तरी बोलला. नाही म्हणाला. टॅक्सीनं ये, मी त्यांना लिफ्टशी रेंगाळत ठेवतो. स्थिर हातांचा तो माणूस लिफ्टशी काय रेंगाळत ठेवणार होता.

कॅप्टननं सगळं ऐकलं होतं. "ताई, तू जा," तो अगदी मनापासून म्हणाला. "उठ. मी बघतो याचं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. तिच्या मुलीच्या वाढदिवसाला दर वर्षी आठवणीनं काहीतरी पाठवायचा. पण त्याची नजर बोलता बोलता काचेच्या खोलीकडे जाऊन आली. ती उठून दारापर्यंत पोचायच्या आत तो त्या शेवटच्या प्रोग्रॅमला मारणार, स्वतःला सांगणार की म्हातारा कुशीवर वळला असेल, आणि संध्याकाळी तिला विचारणार, आई कशा आहेत. मुद्दाम नाही. घाईत. कालही कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं.

आणि ती गेली नाही तर आई तिच्याशिवाय आत जाणार होती.

हे दोन्ही एकाच वेळी तिच्या डोक्यात उभं होतं आणि एकही हलत नव्हतं. तिला उठायचं होतं. पायांनी तसं सांगितलंही असावं, कारण खुर्ची मागे सरकली. "फोन आईच्या कानाला लाव," ती नवऱ्याला म्हणाली.

चाकांचा आवाज आला. मग आईचा श्वास, घोगरा, पाण्यातून आल्यासारखा.

"आई, मी आहे गं. येतेच आहे."

"बरं," आई म्हणाली. आणि जरा थांबून, "कामात आहेस का?"

"हो."

"कुणी आहे का आत अजून?"

दुकानाच्या पायरीवरून आई वडिलांना हेच विचारायची. आईला ते आठवून म्हणायचं होतं की औषधानं तिची शुद्ध मागे कुठेतरी गेली होती, कुणास ठाऊक. तिनं स्क्रीनवर उरलेल्या त्या एका कामाकडे पाहिलं.

"एकजण आहे."

"मग थांब," आई म्हणाली. "मी आहे इथे."

फोन तिनं स्वतः बंद केला, कारण त्याच फोनवरून चौथ्या मदतनिसाला लावायचं होतं. हे पुढे कितीतरी दिवस तिला कुणाला सांगता आलं नाही, की आईचा आवाज सुरू असताना तिनं अंगठ्यानं तो तोडला होता.

चौथी बाई होती. बाजारात होती, भाज्यांच्या गोंगाटात तिला ऐकू येत नव्हतं. हिनं तिला पत्ता दोनदा सांगितला. बाई म्हणाली, जवळच आहे, जाते, पिशव्या इथेच ठेवते. मग काही नाही. नुसतं बसणं. ती स्क्रीनकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे लिफ्टचं दार मिटत होतं. चष्मेवाली रडत होती. कॅप्टन काचेच्या खोलीत गेला आणि पाहुण्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी चहा मागवला.

बाईचा फोन आला तेव्हा ती हसत होती, धाप लागून हसत होती. आजोबा ठणठणीत आहेत, म्हणाली. जेवून झोपले होते, बटण उशीखाली दबलं होतं. मलाच ओरडले, झोपमोड केली म्हणून. आणि माझ्या पिशव्या कुणी नेल्या असतील तर कंपनीनं बघावं.

तिनं बाईचे आभार मानले. व्यवस्थित, पूर्ण वाक्यात. फोन ठेवला. प्रोग्रॅमच्या हातातलं काम संपल्याचं दिसलं. तिनं त्याला निरोप दिला. 'आवरलं, निघतो,' त्यानं लिहिलं. दहा नमुने उलगडून काही न घेता उठलेली ती बाई तिला आठवली, आणि तोंडातून असा काही आवाज आला की चष्मेवाली घाबरून पुढे झाली. कॅप्टन परत आला होता. उशीबद्दल त्याला कळलं होतं. तो काहीही बोलला नाही, आणि त्याबद्दल तिनं त्याला पुढे बरंच माफ केलं. त्यानं फक्त तिची पर्स उचलून हातात दिली आणि टॅक्सीला फोन लावला.

लिफ्टचं दार केव्हाच मिटून गेलं होतं. नवरा बाकावर बसला होता, मांडीवर आईचा चष्मा, कानातल्या कुड्या आणि ते बटण, सगळं एका रुमालात. त्यानं विचारलं नाही कुठे होतीस. तीच बोलली. उशीपर्यंत सगळं सांगितलं. तो रुमालाची घडी घालत ऐकत राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, आईंनी आत जाताना मला सांगितलं, तिला रागावू नकोस, तिच्याकडे गिऱ्हाईक आहे.

आईनं मागून घेतलेल्या हिरव्या दिव्यानंच आईला गप्प ठेवलं, हे तिनं त्याला बोलून दाखवलं नाही. आईच्याही ते कधी मनात येऊ द्यायचं नाही, एवढं मात्र तिनं तिथे बसून ठरवलं. विचारलंच तर म्हणायचं, दिव्यात काही नव्हतं, माझीच चूक होती. ते खोटंही नव्हतं.

आईला बाहेर आणलं तेव्हा तोंडात नळी होती. डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. हाड बसलं, त्या म्हणाल्या. छातीचं सांगू शकत नाही. आज आणि उद्या. एकजण आत थांबा.

ती आत गेली. आई कागदासारखी पातळ दिसत होती. डोळे मिटलेले. चादरीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा मात्र हलत होता. आधी तिला वाटलं, झटका असेल. मग दिसलं, की अंगठा बोटावर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. बटण दाबावं तसा. कुणी घेतलं नाही म्हणून पुन्हा. पुन्हा.

"ऐकलं," ती पटकन म्हणाली. "ऐकलं गं आई."

अंगठा थांबला नाही.

तिनं खुर्ची ओढली, पलंगाला इतकी चिकटवली की गुडघे लोखंडाला लागले, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. अंगठा तिच्या तळव्यावर दाबत राहिला. बाहेर काचेपलीकडे नवरा उभा होता, हातात रुमाल तसाच. नर्सनं खुणेनं विचारलं, किती वेळ बसणार. तिनं मान हलवली, उठणार नाही म्हणून.

"आलेय," ती म्हणाली. "आई, मी आलेय. इथेच आहे." आणि तळव्यातला दाब जरा कमी झाला का, की तिलाच तसं वाटलं, हे बघत ती श्वास धरून बसून राहिली.